चुकायचं खोकं

११ जानेवारी

भाऊजी,

फोन वाजून वाजून बंद होतो, म्हणून हे पत्र. फोन न उचलणं सोपं असतं. पत्र फाडून टाकायला उठावं लागतं, आणि उठायचा तुम्हाला किती कंटाळा आहे ते मला माहीत आहे. फाडलंत तरी जाऊबाई तुकडे जुळवतील आणि जेवताना मोठ्याने वाचून दाखवतील. तेव्हा मुकाट्याने वाचा.

काल दातांचे डॉक्टर घरी आले होते. तुमच्या छंद मंडळाचं प्रदर्शन मार्चअखेर वाचनालयाच्या हॉलमध्ये आहे आणि मधल्या टेबलावर ह्यांची बोट ठेवायचं ठरलंय. विमान सोडून दुसऱ्या कशाला मॉडेल म्हणायला डॉक्टर तयार नसतात. त्यांनी आपणहून बोटीला मधलं टेबल द्यावं म्हणजे मोठीच गोष्ट. मी बोट दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून आत पाहिलं आणि खुर्चीत आडव्या पडलेल्या पेशंटशी बोलावं तसं म्हणाले, "वहिनी, पुढचा दरवाजा नाही. सुकाणू नाही. रंग अर्धा. आणि आतली माणसं कुठायत?"

"ह्यांच्या धाकट्या भावाकडे."

"मग आणवा ना."

"तेच तर."

ते समजले आणि बिस्किटाकडे वळले.

ह्या भांडणाची तुमची बाजू सगळ्या मंडळाने ऐकली आहे, ह्यांची मी ऐकली आहे. माझी कोणी विचारलीच नाही, म्हणून एकदा लिहून काढते. किनाऱ्यावर सैन्य उतरवायची ही बोट तुम्ही दोघांनी मिळून घेतलीत. तळ सपाट, आणि तोंड म्हणजे एक मोठा दरवाजा. तो पुढे पाण्यात पडला की आतले शिपाई धावत बाहेर. वाटणी नेहमीचीच. ह्यांनी नोकरीभर दुकानांतली वजनमापं तपासली, म्हणून बोट ह्यांची. तुम्ही जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, म्हणून माणसं तुमची. ऑगस्टमधल्या त्या रविवारी तुम्ही रंगवलेले शिपाई घेऊन आलात, बोटीत उभे केलेत, आणि बघतो तर सगळ्यांची छाती बोटीच्या काठाच्या वर. लढाईला निघालेत की गच्चीतून रस्त्यावरचं भांडण बघताहेत, काही कळेना. मला हसू फुटलं. तुम्हा दोघांना नाही.

हे म्हणाले, शिपाई मोठे आहेत, खोक्यावर छापलेलं माप खोटं आहे. तुम्ही म्हणालात, बोट बुटकी आहे. हे पट्टी आणायला उठले आणि मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर तुम्ही एकेक शिपाई डब्यात भरत होता आणि हे सांगत होते, "मापं वाचायला शीक, मग ये." तुम्ही डब्याचं झाकण लावलंत आणि निघून गेलात. तिन्ही कप मीच प्यायले.

नोव्हेंबरात हे गेले. तुम्ही आलात, दाराबाहेर चपलांपाशी उभे राहिलात आणि तिथूनच परत फिरलात. गेलेल्या माणसावर किती दिवस रागावून राहायचं असतं ते मला माहीत नाही. मी वाचलेल्या एकाही पुस्तकात ते दिलेलं नाही.

तर शिपाई पाठवा. जाऊबाईंच्या हाती दिलेत तरी चालेल. बोटीचं उरलेलं काम डॉक्टर करताहेत, तेच आतली माणसं कशीतरी वाकवून बसवतील. काळजी नसावी.

वहिनी

२ फेब्रुवारी

भाऊजी,

उत्तर नाही. पण जाऊबाईंकडून कळलं की माझं पत्र तुम्ही गच्चीवर जाऊन वाचलंत आणि खाली आल्यावर "काही नाही, असंच" म्हणालात. "वहिनी, असंच काही नसलेलं पत्र हे दोनदा का वाचतात हो?" असं त्या मला विचारत होत्या. मी म्हटलं, माझं अक्षर वाईट आहे.

मागच्या पत्रातली एक गोष्ट दुरुस्त करते. बोट डॉक्टर करत नाहीत. मी करते आहे.

डॉक्टरांनी मदतीची तयारी दाखवली होती, पण त्यांनी दात कोरायचं यंत्र पिशवीतून काढलं तसं मी बोट उचलून कपाटात ठेवली. त्यांना सांगितलं, मला आधी विचार करू दे. विचार कसला, मी सरळ स्टूल घेतलं आणि कपाटावरून चुकायचं खोकं खाली काढलं.

तुम्हाला ह्यांची ती सवय ठाऊकच आहे. प्रत्येक मॉडेलच्या सुट्या भागांची दोन खोकी घ्यायची. एक खरं, एक चुकायचं. आधी चुकायचं खोकं उघडायचं, होतील त्या सगळ्या चुका त्यात करून घ्यायच्या आणि मग खऱ्याला हात लावायचा. लेक लहान असताना विचारायची, "बाबा, शाळेच्या परीक्षेलापण दोन पेपर का नसतात?" ह्या बोटीचं चुकायचं खोकं मात्र उघडलेलंच नव्हतं. "आता काय चुकणार मी?" म्हणाले होते आणि थेट खरं घेऊन बसले होते. त्याच्यावर धूळ होती, पण प्लॅस्टिकचं वेष्टण शाबूत. मी म्हटलं, चुकायचंच आहे तर हे माझंच खोकं.

आतमध्ये करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी असतात, त्यांना सगळे भाग लटकलेले. पहिल्या दिवशी मी भाग हाताने पिरगाळून तोडले, तर सुकाणूचा तुकडा माझ्याकडे आणि उरलेलं सुकाणू चौकटीला. मग नेलकटर घेतलं. नेलकटरने सुरेख निघतात. पॉलिशपेपरने कडा घासायच्या, त्या मी इतक्या घासल्या की एक पंखा नखाएवढा राहिला. गोंदाने तर कहरच केला. डावा अंगठा बोटीच्या कुशीला चिकटला, आणि तेवढ्यात लेकीचा फोन. बोट हाताला घेऊनच उचलला.

"आई, काय करतेस?"

"काही नाही, असंच."

"आवाज का असा येतोय?"

"एका हाताने धरलाय."

"दुसऱ्या हाताला काय झालं?"

"त्याला बोट चिकटली आहे."

"आई, बोटं चिकटली असतील. गरम पाण्यात धर."

मी समजूत काढत बसले नाही. गरम पाण्याचा सल्ला मात्र बरोबर निघाला.

सूचनांचा कागद परक्या भाषेत आहे. पण मला त्याची भीती वाटली नाही. माझी शाळा तिसरीत सुटली. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर झालं, आणि लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही अंगणात पाट्या वाळत घालायचा त्यांच्यावर. एकेक अक्षर विळ्याएवढं. धान्य निवडता निवडता मी 'सायकल दुरुस्ती' आणि 'येथे उधार मिळनार नाही' मोठ्याने वाचायची. तेव्हा तुम्ही वर न बघता म्हणायचात, "वहिनी, ते मिळणार आहे, मिळनार नाही." तुम्हाला वाटायचं मी चुकतेय. मी मुद्दाम करायची, तुम्ही बोलावं म्हणून. नवीन घरात दुसरं कोणी बोलत नव्हतं.

तर सूचनांची चित्रं वाचायला मी शिकले आहे. बाण कुठून निघतो आणि कुठे टेकतो एवढंच बघायचं.

शिपायांचं काय ते कळवा.

वहिनी

१८ फेब्रुवारी

भाऊजी,

पाणी पिऊन घ्या आणि मग वाचा.

काल शिवणयंत्राखाली झाडताना तुमचा एक शिपाई सापडला. त्या रविवारी डब्यात भरताना घरंगळला असणार. बंदूक दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला, एक पाय पुढे, आणि गालावर तुम्ही दिलेली दाढीची निळसर झाक. एवढ्याशा गालावर! मी त्याला फुंकर मारली आणि सहज, जवळ होती म्हणून, माझ्या बोटीत उभा केला.

तो बोटीत बसला.

अगदी जसा बसायला हवा तसा. काठाच्या वर फक्त टोप आणि बंदूक धरलेले हात. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं असणार, चुकायचंच खोकं आहे ते. म्हणून ह्यांची बोट कपाटातून काढली, शेजारी ठेवली आणि शिपाई तिच्यात उभा केला. छाती वर. परत माझ्या बोटीत, टोप वर. परत ह्यांच्या बोटीत, छाती. मी एकटीच होते, नाहीतर कोणी बघितलं असतं तर म्हातारी खेळत बसली आहे असंच म्हणालं असतं.

मग दोन्ही बोटींमध्ये बोट घालून पाहिलं. माझ्या बोटीत दुसऱ्या पेरापर्यंत जातं. ह्यांच्या बोटीत पहिल्या पेरालाच तळ लागतो.

सूचनांचा कागद पुन्हा उघडला. बोटीच्या कुशीला आतून दोन पट्ट्या आहेत, एक वर आणि एक खाली. त्याच साच्यातून कंपनी दुसरीही एक बोट काढते, वरची पट्टी तिच्यासाठी. आपल्या बोटीचा मजला खालच्या पट्टीवर बसवायचा. चित्रात वरच्या पट्टीवर एक फुली मारलेली आहे, बारीक, मुंगीच्या पायासारखी. बाण खाली जातो. ह्यांनी मजला वरच्या पट्टीवर चिकटवला आहे. चिकटवला आहे म्हणजे कसा? पक्का, फट न राहता, कडा घासून, ह्यांचं काम असतं तसा. चुकीच्या जागी इतकं सुंदर काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

म्हणजे शिपाई मोठे नव्हते. बोटही बुटकी नव्हती. खोक्यावरचं मापही खरंच होतं, पण ह्यांचा जन्म खोटी मापं पकडण्यात गेला. काहीतरी जुळत नाही म्हटल्यावर ह्यांना पहिला संशय छापलेल्या आकड्याचाच यायचा. किलोभर साखर घरी आणली तरी पुडीकडे आरोपीसारखं बघायचे.

मी हसले. खूप हसले. मग रडलेही. मग परत त्या शिपायाकडे बघून हसले. त्याचा चेहरा असा की त्याला हे पहिल्यापासून ठाऊक होतं.

भाऊजी, तुम्ही बरोबर होतात, खोट बोटीतच होती. हे मी लिहून देते आहे, खाली सही करून, आणि तुमच्या दादाच्या वतीने. हे असते तर त्यांनी चार दिवस मान्य केलं नसतं, पाचव्या दिवशी मान्य केलं असतं आणि सहाव्या दिवशी ते आपल्याच लक्षात आलं होतं असं सांगितलं असतं. आता तरी या. हवं तेवढं मिरवा. डॉक्टरांनाही बोलावते, त्यांच्यासमोर मिरवा.

वहिनी

२७ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र आलं. अक्षर अजून पाटीसारखंच, ओळ न आखता सरळ. उभ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच बसले.

तुम्हाला माहीत होतं!

मी चहा टाकत होते तेव्हा बाहेर हे घडलं, आणि ते मला आज कळतं आहे. तुम्ही लिहिता: "दादाने शिपायाला पट्टी लावली आणि मोठ्याने आकडा वाचला. वहिनी, तो आकडा तिथे नव्हता. मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. मग मी बोटीत पाहिलं आणि मजला कुठे बसलाय ते दिसलं. ज्याने सगळ्या बाजाराच्या पट्ट्या तपासल्या त्याला त्याच्याच टेबलावर, तुला पट्टी दिसत नाही, असं कसं सांगू? म्हटलं, शिपाई मोठे तर मोठे."

आणि पुढे: "परत आलो असतो तर त्याने विषय काढला असता. मला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. म्हटलं, महिनाभर जाऊ दे, विसरेल. एका महिन्याचे दोन झाले आणि तेवढ्यात नोव्हेंबर आला. आता कुठल्या तोंडाने येऊ?"

तुमच्यावर मी रागावले. आधी ते लिहिते म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल. निदान मला सांगायचं होतं. मी त्यांना दंडाला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं असतं. त्यांनी आरडाओरडा केला असता आणि मग नवीन चष्म्यातून सगळ्या घराला नावं ठेवली असती. एवढंच झालं असतं. तुम्ही त्यांचा मान राखलात आणि तुम्हा दोघांचे शेवटचे रविवार त्यात गेले. हिशेब मला पटत नाही. पण तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हेही मला सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट. उन्हाळ्यापासून हे मला पेपर वाचून दाखवायला सांगत होते. "तू वाच, तुझ्या तोंडून बातम्या बऱ्या वाटतात." मी किती खूश होते म्हणून सांगू! तिसरीत शाळा सुटलेल्या बाईच्या तोंडून साहेबांना बातम्या बऱ्या वाटतात! मी मुद्दाम सावकाश, आवाज लावून वाचायची. तुमचं पत्र वाचलं आणि मनात पहिलं आलं ते हे, की म्हणजे ते त्याच्यासाठी होतं तर. डोळ्यांसाठी. दिवसभर ते मनात घोळत राहिलं. भाजी करपली.

मग आठवलं की पेपर संपल्यावर मी वाचनालयातून आणलेल्या गोष्टी वाचायची, आणि एखादी आवडली की हे दुसऱ्या दिवशी तीच परत वाचायला लावायचे. ऐकलेली गोष्ट पुन्हा ऐकायला डोळ्यांचं कारण पुरत नाही. तेव्हा मी ठरवलं आहे की दोन्ही खरं होतं. हे मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. तुमचा कौल मागितलेला नाही.

आता बोटीचं. डॉक्टर म्हणतात, यंत्राने मजला कापून काढू, "अक्कलदाढ काढल्यासारखा, कळणारसुद्धा नाही." मी नाही म्हटलं. तो ह्यांच्या हातचा आहे, असू दे चुकीचा. तुम्ही लिहिता की शिपायांचे बूट घासून त्यांना ठेंगणं करता येईल. तेही नको. त्यांचं काय चुकलं?

माझ्या मनात वेगळंच आहे. असल्या बोटींवरचं एक जाडजूड पुस्तक मी वाचनालयातून आणलंय, नकाशे आणि फोटो असलेलं. त्यात वाचलं की ह्या बोटीचं काम अगदी थोड्या वेळाचं असतं. किनारा आला, दरवाजा पडला, माणसं उतरली की बोट मागे फिरते पुढची माणसं आणायला. माणसं आत असतानाचे फोटो थोडे आहेत. रिकामी बोट, उघडा दरवाजा आणि पुढे गुडघाभर पाण्यातून चाललेले लोक, असेच जास्त आहेत.

तर शिपायांना बोटीत उभंच कशाला करायचं? उतरू दे की त्यांना. तुम्ही सगळे धावतानाच तर रंगवले आहेत. ते पाण्यात आले की मजला वर आहे की खाली, कोण बघतंय? बोट ह्यांनी केली तशी राहील, माणसं तुम्ही केलीत तशी राहतील.

पण त्यासाठी पाणी लागेल, वाळू लागेल, आणि पाणी रंगवणं मला येत नाही. पाणी निळं नसतं एवढंच मला समजलं आहे, कारण मी निळं केलं आणि ते साबणाच्या जाहिरातीसारखं दिसायला लागलं. रविवारी या. तोंड कुठलं, असं विचारलंत. आहे तेच घेऊन या, दुसरं कुठून आणणार?

वहिनी

१० मार्च

भाऊजी,

शिपाई मिळाले. परत पाठवते आहे.

रविवारी बेल वाजली म्हणून मी केस सारखे करून दार उघडलं, तर दारात जाऊबाई आणि त्यांच्या हातात डबा. मी त्यांच्या मागे जिन्यात वाकून पाहिलं.

"कुणाला बघताय? मी एकटीच आहे," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यापर्यंत आले होते. कोपऱ्यावर म्हणाले, तू पुढे हो, मी बिड्या घेऊन येतो."

"भाऊजी बिड्या कधीपासून ओढायला लागले?"

"तेच तर मी त्यांना विचारलं!"

आम्ही चहा घेतला. डबा उघडून पाहिला. प्रत्येक शिपाई वेगळ्या कापसात गुंडाळलेला, जसं काही त्यांना थंडी वाजेल. एकाच्या टोपाचा पट्टासुद्धा तुम्ही रंगवला आहे. जाऊबाई म्हणाल्या की ऑगस्टनंतर तुम्ही एकाही शिपायाला हात लावला नव्हता, आणि गेल्या आठवड्यात मात्र खिडकीत बसून, गडद रंग देऊन, सगळ्यांच्या पँटा गुडघ्यापर्यंत ओल्या केल्यात. म्हणजे माझी कल्पना तुम्हाला पटली आहे. पटली, रंगवली, कापसात गुंडाळली आणि कोपऱ्यावरून परत फिरलात.

मी डब्याचं झाकण लावलं आणि त्यांच्या हातात परत दिला.

"अहो, हे काय?" त्या म्हणाल्या.

"त्यांना सांगा, वहिनीने शिपाई मागितले नव्हते."

"मागितले होते की! पहिल्याच पत्रात. मी वाचलंय."

"तेव्हा मागितले होते. आता नकोत."

"मी काय तुमची पोस्टमन आहे? माझे गुडघे बघा, तीन मजले चढून आले मी!"

गुडघ्यांना मी तेल लावून दिलं, पण डबा ठेवून घेतला नाही.

स्पष्टच लिहिते, म्हणजे कोपऱ्यावर गोंधळ होणार नाही. प्रदर्शनाचं माझ्या मनातून गेलं आहे. डॉक्टर मधल्या टेबलावर त्यांचं विमान ठेवतील. ते मनातून तेच ठरवून बसले असतील. बोट माझ्याकडे कपाटात राहिली तरी चालेल. पण ज्या माणसाबरोबर ह्यांच्याबद्दल बोलावं, त्यांना नावं ठेवावीत, त्यांच्या चुकीवर हसावं, असा माणूस आता एकच उरला आहे. लेकीला वडील आठवतात. जाऊबाईंना थोरले दीर आठवतात. ते कसे बरोबर असायचे आणि बरोबर असताना कसे असह्य व्हायचे, हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे. तेही जर मी भिंतीलाच सांगायचं असेल, तर बोट पाण्यात असली काय आणि कपाटात असली काय, सारखंच.

डबा घेऊन या किंवा डबा न आणता या. पण डबा एकटा पाठवू नका.

वहिनी

१८ मार्च

भाऊजी,

हे टपालात टाकणार नाही. उद्या आलात की हातात देईन. घरी नेऊन वाचा, इथे माझ्यासमोर नको. तुमचे कान लाल होतात आणि मग मला काय बोलावं ते सुचत नाही.

काल तुम्ही गेल्यावर मी टेबलापाशी बसून राहिले. दार उघडलं तेव्हा तुम्ही डबा पोटाशी धरून उभे होता आणि पहिलं वाक्य काय बोललात? "वहिनी, पाण्यात हिरवा घालायचा असतो. आणि थोडा तपकिरी." जणू आदल्या रविवारी अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे चालू. मी चांगलं काहीतरी बोलायचं ठरवून ठेवलं होतं, ते सगळं गेलं. मी म्हटलं, "चपला आत काढा. बाहेर कुत्रं नेतं."

मग तुम्ही ह्यांची बोट हातात घेतलीत. आत बोट घालून मजला चाचपलात. बराच वेळ. मी मुद्दाम वाळू चाळायला घेतली. तुम्ही म्हणालात, "कसला पक्का बसवलाय, बघा तरी." मी म्हटलं, "बघितलाय." आणि आपण दोघं हसलो ते असं, की खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं म्हणून वर आल्या. त्यांना काय सांगणार, चुकीच्या पट्टीवरचा मजला? तुम्ही म्हणालात, "काही नाही, असंच."

दरवाजा तुम्ही बसवलात, सुकाणू मी. माझा हात तुमच्याइतका स्थिर नाही, पण सुकाणू मला येतं, मी ते एकदा मोडलेलं आहे. लाकडाच्या फळीवर आपण किनारा केला, बोटीपुढे शिपाई उभे केले आणि तुम्ही आणलेल्या पारदर्शक द्रावणात रंग कालवून पाण्याचा पहिला थर ओतला. पाणी इतकं हळू वाळतं हे मला माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलंत की एक थर वाळला की दुसरा, तो वाळला की तिसरा, असे बरेच थर, नाहीतर खोली दिसत नाही.

त्या वेळी, ब्रश धुता धुता, माझ्याकडे न बघता तुम्ही ते विचारलंत.

"दादा शेवटी शेवटी माझ्याबद्दल काही बोलला का?"

मला खोटं बोलता आलं असतं. माझे कान लाल होत नाहीत. तुम्हाला पाठवायला एखादं चांगलं वाक्य मी नोव्हेंबरपासून शोधत होते, आणि हे असं काही म्हणाले असतील असं एखादं तयार करणं मला अवघड नव्हतं, इतक्या गोष्टी वाचल्या आहेत मी. पण तुम्ही ज्यांच्यासाठी तीन महिने गप्प राहिलात त्यांच्या नावावर मी बनावट वाक्य खपवायचं? म्हणून मी म्हटलं, "नाही, भाऊजी. नाव नाही काढलं. रागात होते."

तुम्ही ब्रश धूत राहिलात. तो केव्हाच स्वच्छ झाला होता. मला वाटलं, झालं, आता तुम्ही डबा उचलणार. मी दाराकडे पाहिलंसुद्धा.

तुम्ही म्हणालात, "म्हणजे अजून रागातच आहे म्हणायचा."

"म्हणायचा."

"मग मनवायला मला यावंच लागणार." आणि ह्यांच्या खुर्चीवरचा माझा लोकरीचा गोळा बाजूला ठेवून तुम्ही तिच्यात बसलात आणि म्हणालात, "चहा टाका, वहिनी. ह्या वेळी मी पिऊन जाणार आहे."

खरं ऐकूनही तुम्ही डबा न उचलता त्या खुर्चीत बसलात, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे होते, ते मला समोर जमलं नसतं. एवढ्यासाठीच हे पत्र.

बाकी ठीक. डॉक्टर सकाळी येऊन गेले. बोट रिकामी का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळे उतरले. ते बराच वेळ वाकून बघत होते आणि मग म्हणाले की विमानातून माणसं अशी उतरत नाहीत. ही त्यांच्याकडून तारीफ समजायची. बोटीखालच्या चिठ्ठीवर करणाऱ्याचं नाव काय लिहायचं, हेही त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ते उद्या दोघं मिळून ठरवू, थोडं भांडून.

पहिला थर वाळला आहे. नखाने दाबून पाहिलं, खूण उठत नाही. पण पाणी अजून शिपायांच्या घोट्यापर्यंतच आहे आणि तुम्ही पँटा गुडघ्यापर्यंत ओल्या करून ठेवल्या आहेत. चार वाजता या. हिरवा थोडा जास्त घेऊन या.

वहिनी